नेरुळचं वंडर्स पार्क: उन्हं उतरल्यावरच जा
मे महिन्यात भाच्याला घेऊन भर साडेचारला गेले, चूक माझीच. बाकावर टेकले तर चटकाच बसला. २००७ साली निवडलेल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती इथे आहेत. पेट्रा, माचू पिचू, चिचेन इत्झा आम्ही घाम पुसत उरकलं. ताजमहालापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी, नेहमीचीच. भाचा अडला तो रिओच्या ख्रिस्तापाशी. "मावशी, खरा केवढा गं?" म्हटलं, चौथऱ्यासकट ३८ मीटर, आपली बारा मजली बिल्डिंग धर. मग पठ्ठ्याने हात पसरून तस्साच उभं राहून दाखवलं, टोपी घालून! घरून नेलेलं कोकम सरबत चिनी भिंतीपर्यंत पोचायच्या आत संपलं. पुढच्या वेळी दोन बाटल्या, आणि सहानंतरच.