पीक कर्ज की कृषी केंद्राची उधारी?
बियाणं-खताला 20,000 हवेत. दुकानदार महिना शेकडा दोनने देतो. जून ते डिसेंबर व्याज 2,400. बिलात रोखीपेक्षा चढा भाव लावला असेल तर तो वेगळाच. सातबारा मागत नाही, एवढीच सोय. पण सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवून स्कोअर देणाऱ्या संस्थेत, नोंदच जात नाही, म्हणून इमानदारीने फेडूनही स्कोअर कोरा.

पीक कर्ज वर्षाला 7 टक्क्यांनी: तेवढ्याच काळाचे 700, वेळेत भरलं तर व्याजदरात 3 टक्के सूट. बँकेत खेटे पडतात, तरी हेच बरं.

घोळ पुढे होतो. कर्जमाफीची वाट पाहत खातं थकतं आणि 300 ते 900 मधला स्कोअर घसरतो. तडजोडीने कमी भरलं तर ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडल्याचा शेरा बसतो. आणि सातबारा वडिलांचा असला, तर कर्जाची नोंदही वडिलांच्याच नावावर. पोराची पाटी कोरीच.