दहा महिन्यांचा रीफ टँक आणि दोनशे रुपयांचा फ्लोट स्विच

घरातला समुद्री पाण्याचा, कोरलवाला टँक उत्तम चाललाय, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढची किरकिर वाचून वाटेल की सगळंच बुडालं. माशांत क्लाउनची जोडी आणि एक गोबी; सॉफ्ट कोरल आणि त्यांच्या भाऊबंदांत झोआंचे चार रंग, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप आणि एक टोडस्टूल लेदर. सगळं जिवंत आहे, वाढतंय. तक्रार आहे ती एटीओची, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्राची. त्यातही त्याच्या बोटभर फ्लोट स्विचची, जो पाण्याबरोबर वरखाली होऊन पंप चालू-बंद करतो.

टँक ६० × ४० × ४० सेंमी, १० मिमी काच, सम्प (खालची जोडटाकी) नाही. रॉक आणि वाळूची जागा वजा जाता पाणी ८० लिटर. पुढचे सगळे हिशेब ८० वर आहेत. ऑक्टोबरात पाणी भरलं, आता ऑगस्ट चालू आहे.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एटीओ सुरू झाला तो थांबलाच नाही. कॅनमधलं साडेचार लिटर गोडं पाणी टँकमध्ये रिकामं केलं आणि मग कोरडाच घरघरत राहिला. सॅलिनिटी, म्हणजे पाण्याच्या हजार भागांत मीठ किती, ३५ वरून ३३. झोआ दोन दिवस मिटून बसले, लेदर आठवडाभर रुसलं, मासे मजेत. फरशीवर मात्र थेंब नाही. कारण यंत्रासोबत आलेला १२ लिटरचा डबा पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकून त्या जागी ५ लिटरचा कॅन ठेवला होता. पाण्याच्या पातळीपासून काचेच्या काठापर्यंत ३ सेंमी मोकळे, म्हणजे ६० × ४० × ३, सव्वासात लिटर. कॅन त्याहून लहान असला की एटीओ कितीही वेडा झाला तरी टँक ओसंडत नाही. १२ लिटरचा डबा असता तर सॅलिनिटी साडेतीसपर्यंत गेली असती आणि पाचेक लिटर खारं पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या सीलिंगला भेटायला गेलं असतं. डबा मोठा म्हणून यंत्र महाग, आणि तोच डबा धोक्याचा. हे पॅकिंगवर कुठेच लिहीत नाहीत.

एटीओ लागतोच का, तर पंख्यांमुळे. जूनपर्यंत या टँकला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नव्हता. काठावर १२० मिमीचे दोन १२ व्होल्टचे कॉम्प्युटरचे पंखे, पृष्ठभागावर तिरके. नोव्हेंबरात खोली २८, टँक साडेपंचवीस. दिवसाला दोन लिटर पाणी उडायचं. हिशेब केला तर दोन लिटर बाष्पीभवन म्हणजे सतत ५५ वॅट उष्णता बाहेर. लाइट, वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारा) मिळून दिवसभराची सरासरी ४० वॅट आत टाकतात, म्हणजे सौदा फायद्याचा. दोन्ही पंख्यांचं वीजबिल महिन्याला चारेक युनिट. ऑक्टोबर हीटमध्येसुद्धा हे चाललं, कारण तेव्हा पारा चढतो पण हवा पावसाळ्याइतकी दमट नसते. मात्र पाणी उडतं, मीठ उडत नाही. चार दिवस टॉप-अप चुकला तर ८० चे ७२ लिटर होतात आणि सॅलिनिटी ३९ ला टेकते. म्हणून एटीओ.

डिसेंबरात कोणी विचारलं असतं तर छातीठोक सांगितलं असतं की लहान टँकला चिलर म्हणजे पैशांचा चुराडा. ते मत जूनमध्ये मोडलं. पंखा पाण्याला ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. नोव्हेंबरात २८ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेला ते तापमान २१ च्या आसपास येतं. जूनमध्ये ३० अंश आणि ८५ टक्क्यांना ते २८ ला जेमतेम खाली. मग पंखे गरगरतात, खोलीला दमट वास येतो आणि टँक साडेएकोणतीसवर अडून बसतो. पुण्याच्या लोकांचे पंख्याचे सल्ले मुंबईत निम्मं वर्षच लागू आहेत. हॉलमध्ये रात्री एसी आणि दिवसा बंद हाही उपाय नव्हे; टँक रोज दोन अंश वरखाली होतो, त्यापेक्षा २८ वर स्थिर राहिलेला बरा.

तर चिलर. कॉम्प्रेसरवाला, १/१० एचपी, सेकंड हँड. पेल्टियरवाले स्वस्त चिलर ८० लिटरला पुरत नाहीत, तिकडे बघूही नका. सेटिंग २६.५. दिवसात एकूण सहा तास चालतो, साधारण १७० वॅटने, म्हणजे रोज एक युनिट. चार युनिटांवरून तीसवर उडी, आणि ती पडते बिलाच्या वरच्या स्लॅबमध्ये. कॅबिनेटच्या आत ठेवू नका. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि बंदच होत नाही. मागची जाळी दर रविवारी ब्रशने झाडायची, मुंबईच्या धुळीला तेवढं तरी द्यावंच लागतं. यापलीकडे चिलरबद्दल तक्रार नाही.

आता मुख्य भांडण.

एटीओ वॉरंटीत होता. फ्लोट उघडून, मल्टीमीटर लावून, फोटो काढून सर्व्हिसला पाठवला. उत्तर आलं: ‘सेन्सरवर मिठाचा थर आढळल्याने वॉरंटी लागू नाही.’ समुद्राच्या पाण्यासाठी विकलेलं यंत्र, खोक्यावर क्लाउन माशाचं चित्र, आणि मीठ लागलं म्हणून वॉरंटी रद्द! छत्री भिजली म्हणून परत घेत नाही, असलाच हा प्रकार. तीन फोन, दोन मेल, शेवटी ‘नवीन मॉडेलवर १५ टक्के सूट’.

खरं सांगायचं तर आधी मलाही वाटलं होतं की मीठच. पंख्यांच्या वाऱ्याने तुषार उडतात, फ्लोटच्या दांड्यावर पांढरी पुटं चढतात, आणि जुलैत बाष्पीभवन दिवसाला अर्ध्या लिटरवर आल्याने फ्लोट फारसा हलतही नव्हता. चिकटला असणार. पण व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन वीस मिनिटं बुडवला, पुटं गेली, फ्लोट लोण्यासारखा सरकायला लागला, तरी मल्टीमीटर दोन्ही टोकांना बीपच देत होता. वर केला बीप, खाली केला बीप; सर्किट तुटतच नव्हतं.

म्हणजे आतला रीड स्विच चिकटलेला. दांड्याच्या आत काचेची बारीक नळी असते, तिच्यात लोखंडी मिश्रधातूच्या दोन पट्ट्या. फ्लोटच्या कड्यातलं चुंबक जवळ आलं की त्या जुळतात, लांब गेलं की सुटतात. असले स्विच साधारण १० वॅट आणि अर्ध्या अँपिअरचे असतात. पंप पाच वॅटचा, कागदावर बसतो. पण पंप सुरू होतानाचा झटका चालू करंटच्या कितीतरी पट असतो, आणि या यंत्रात तो थेट स्विचमधूनच जातो. मध्ये रिले नाही, काही नाही. भर म्हणजे सम्प नसल्यामुळे फ्लोट मुख्य टँकमध्येच, वेव्हमेकरच्या लाटेवर. पातळी ठरलेल्या खुणेपाशी आली की स्विच एकदाच चालू-बंद होत नाही. प्रत्येक लाटेला टकटक करतो. दर वेळी बारीक ठिणगी. नऊ महिन्यांत पट्ट्या एकमेकींना वेल्ड झाल्या. मिठाचा दोष शून्य. चूक सर्किटची, आणि तीसुद्धा साठ रुपये वाचवण्यासाठी केलेली.

दुरुस्ती अशी. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पॉलिप्रॉपिलीनचे चार फ्लोट स्विच, १८० ला एक, आणि १२ व्होल्टचं एक रिले मॉड्यूल ६० ला. स्टीलचे स्विच घेऊ नका, खाऱ्या पाण्यात गंजतात. दोन स्विच एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये. दुसरा पहिल्यापेक्षा २ सेंमी वर. दोन्ही असे बसवायचे की फ्लोट खाली असताना जोड पूर्ण होईल. उलटं वागला तर फ्लोटचं कडं काढून उलटं घालायचं. स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, तीसेक मिलीअँपिअर. पंपाचा झटका रिले झेलतो. लाटेसाठी दोन्ही स्विच ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात, पाइपच्या खालच्या टोकाला ४ मिमीची दोनच छिद्रं. आतलं पाणी संथ राहतं, टकटक बंद. वर आणखी एक डिजिटल टायमर: सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिनिटं एवढाच वेळ पंपाला वीज. पंप मिनिटाला अर्धा लिटर उचलतो, म्हणजे सगळं एकाच वेळी बिघडलं तरी दिवसाला दोन लिटर. नळीचं टोक पाण्याच्या वर टांगलेलं हवं. ते बुडालं की पंप थांबल्यावर सायफन लागतो आणि खारं पाणी उलटं कॅनमध्ये येतं. मग टॉप-अपच्या नावाखाली तुम्ही टँकमध्ये मीठ ओतत बसता.

तपासणी महिन्यातून एकदा, पण दोन्ही स्विच वेगवेगळे. पंप चालू असताना एक फ्लोट बोटाने उचलायचा, पंप थांबला पाहिजे, सोडायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम उचलले तर मेलेला स्विच जिवंत स्विचच्या आड लपतो.

बाकी सेटअपबद्दल पटापट. सिंथेटिक सॉल्ट लिटरला ३८ ग्रॅमच्या आसपास. आठवड्याला ८ लिटर बदल म्हणजे ३०० ग्रॅम. रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा, साध्या पाण्याने नको. घरच्या आरओ प्युरिफायरचं पाणी चालत नाही, कारण त्यातला टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. मेम्ब्रेननंतर थेट फाटा काढून पुढे उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावलं की टीडीएस मीटर शून्य दाखवतो. पालिकेचं पाणी मुळात कमी क्षारांचं, त्यामुळे रेझिन बरेच महिने टिकतं. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांनी हा आनंद विसरावा. पावसाळ्यात सेडिमेंट फिल्टर चहाच्या रंगाचा होतो, तो महिन्याला बदला. समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणायची कल्पना ज्यांना सुचते, त्यांनी जुलैत दादरच्या किनाऱ्यावर एकदा उभं राहून बघावं.

सायकलिंग, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू आधी वाढवणं, ड्राय रॉकवर, पाच आठवडे. अमोनिया २ पीपीएमला आणायला ८० लिटरला अर्धा ग्रॅम अमोनियम क्लोराइड पुरतं, पण प्रयोगशाळेच्या दर्जाचं. कल्हईवाल्याचा नवसागर तेच रसायन असलं तरी त्यात धातू किती हे कोण सांगणार. केएच (पाण्याची अल्कलिनिटी) एक अंश वाढवायला २.४ ग्रॅम खायचा सोडा, पाण्यात विरघळवून, हळूहळू. बेकिंग पावडर नव्हे. सॉफ्ट कोरलला आठवड्याच्या पाणीबदलातच बहुतेक मिळतं, डोसिंग पंपाचा खर्च टाळा.

स्टँड पार्टिकल बोर्डचा घेऊ नका. पाणी, रॉक आणि काच मिळून सव्वाशे किलोच्या वर जातं आणि पावसाळ्यात बोर्ड फुगतो. आयएस ७१० ची मरीन प्लाय किंवा ॲल्युमिनियम प्रोफाइल. सगळ्या वायरींना प्लगच्या खाली झोका सोडा आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. बॅटरीचा एअर पंपही ठेवा. मुंबईत वीज जात नाही हे खरं, पण १२ ऑक्टोबर २०२० ला गेली होती, आणि गरम खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी.

कोरलबद्दल एकच. हार्ड कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजी अलीची कोरल परवानगी काढून दुसरीकडे हलवावी लागली, ती उगाच नव्हे. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणाला तर कागद मागा. ओहोटीला खडकांवर झोआ दिसतात म्हणून खरवडून आणू नका. आणि झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. झोआ असलेला रॉक उकळत्या पाण्यात घालून साफ करणं म्हणजे ती वाफ सगळ्या घराला पाजणं.

परत त्या १५ टक्के सुटीकडे. नवीन मॉडेलमध्ये ऑप्टिकल सेन्सर आहे. त्यावर गोगलगाय बसली तर यंत्राला वाटतं पाणी आहे, आणि पंप सुरूच होत नाही. ही बिघडण्याची बाजू बरी. पातळी उतरलेली डोळ्यांना दिसते आणि दोन दिवस तरी हातात मिळतात. सूट धरूनही किंमत साडेचार हजार, आणि सोबत पुन्हा तोच १२ लिटरचा डबा. घेणार नाही. १८० वाले दोन स्विच अजून शिल्लक आहेत.