यकृताच्या दुर्मीळ विकाराची रुग्णनोंदणी: ठाण्यातील अनुभव

माझ्या मुलीला जन्मजात पोर्टोसिस्टेमिक शंट आहे, म्हणजे आतड्यांकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून थेट मुख्य रक्तप्रवाहात मिसळते. लंडनचे शल्यविशारद जॉन अ‍ॅबरनेथी यांनी हा दोष १७९३ मध्येच वर्णिला असला, तरी सुमारे ३०,००० जन्मांमागे एकच रुग्ण आढळत असल्यामुळे एका डॉक्टरकडे अभ्यासापुरते रुग्ण जमत नाहीत. म्हणूनच ठाण्यातील एका रुग्णालयाने सुचवलेल्या नोंदणीत, म्हणजे अशा रुग्णांची माहिती एकत्र जमवण्याच्या उपक्रमात, आम्ही सहभागी झालो. संमतिपत्र मराठीत होते, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक मिळाला आणि रक्तातील अमोनियाची पातळी, रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी, हृदयाचा इको असे तपशील समन्वयक ताईंनी सबुरीने भरून घेतले. मात्र सीटी स्कॅनची सीडी त्यांच्या संगणकावर उघडेना, त्यापायी घोडबंदर रोडच्या वाहतुकीतून दोन हेलपाटे पडले. शंट, म्हणजे रक्ताची ही वळशाची वाट, बंद केल्यानंतरचीही माहिती ते दरवर्षी विचारणार आहेत, हे मला विशेष पटले.