१.३ मल्टिजेटचा चेन टेन्शनर: कंपनीचा, आयएनएचा की लोकल?

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया. बाहेर बिल्ला कोणाचाही असो, डिझेल मॉडेलच्या आत फियाटचं तेच १.३ मल्टिजेट, म्हणजे १२४८ सीसीचं इंजिन, काही रांजणगावात बनलेली, काही मानेसरला. २०२० साली प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांतून हे इंजिन गेलं. जुन्या गाड्या मात्र भरपूर धावताहेत, आणि सकाळी स्टार्ट मारल्यावर दोन-तीन सेकंद टायमिंगच्या बाजूनं, म्हणजे क्रँक आणि कॅमला जोडणारी चेन असते तिकडून, खडखड आली की मालक ही चेन ताणून धरणारा टेन्शनर शोधायला निघतो.

नुसता टेन्शनर बदलणं परवडत नाही. त्याच्यापर्यंत पोचायला इंजिनाला आधार द्यायचा, टायमिंगच्या बाजूचं माउंटिंग काढायचं, पुली काढायची, चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवायचा आणि पुढचं कव्हर सोडवायचं. ऑइल पंप त्या कव्हरमध्येच असतो. एवढं उघडल्यावर चेन, दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं), दोन्ही गाइड (चेन जिच्यावरून सरकते त्या पट्ट्या), टेन्शनर आणि क्रँकचं पुढचं सील एकदमच बदला. लोकल टेन्शनर घेऊन वाचलेले पैसे दुसऱ्यांदा कव्हर उतरवताना मजुरीत कितीतरी पटीनं जातात.

या टेन्शनरमध्ये दिसायला फार काही नाही: बॉडी, प्लंजर, आत स्प्रिंग आणि ऑइल परत जाऊ न देणारा छोटा बॉल व्हॉल्व्ह. ऑइलचं प्रेशर प्लंजरला बाहेर ढकलतं, प्लंजर गाइडला, गाइड चेनला. प्लंजर आणि बोअरमधली फट मायक्रॉनमध्ये मोजायची. ती जास्त झाली किंवा बॉल नीट बसला नाही, तर रात्रभरात ऑइल निथळून जातं आणि सकाळी प्रेशर येईपर्यंत चेन ढिली फिरते. लोकल माल मार खातो तो इथेच. बॉडी हुबेहूब करता येते, ही फट नाही.

‘आफ्टरमार्केट’, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या खोक्यात न येणारा माल, म्हटलं की सगळा माल एकाच टोपलीत टाकतात, ते चूक आहे. आयएनए आणि इविस या जर्मन कंपन्या गाड्यांच्या कंपन्यांनाही चेन ड्राइव्हचे पार्ट देतात. आयएनए ज्या शेफलरची, तिच्या भारतातल्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आहे. आमच्या मते अशा मेकचं पूर्ण किट आणि मारुतीचा जेन्युइन पार्ट यांत डोळे झाकून कोणतंही घ्या. मारुतीच्या गाडीला जेन्युइन मिळणं सोपं, म्हणून तिथे तेच बरं. फियाटवाल्यांना इथे शोरूम उरलेली नाही, त्यांनी आयएनए किंवा इविस बघावं. फक्त एक किट एकाच मेकचं हवं. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की नवी चेनही लवकर झिजते.

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानात किंवा ऑनलाइन घेताना चासी नंबर देऊनच पार्ट नंबर काढा; इंजिन तेच असलं तरी वर्षानुसार फरक असू शकतो, ‘दिसायला सेम’वर जाऊ नका. खोका उघडून गाइड बघा. चांगल्या प्लॅस्टिकवर पीए६६सारखा (हा नायलॉनचा प्रकार) मटेरियलचा शिक्का असतो आणि कडा साफ असतात. टेन्शनरच्या ऑइलच्या भोकाला बर (धातूची उरलेली खरखरीत कड) असेल, बसायची बाजू खडबडीत असेल, तर काउंटरवरूनच परत करा. भंगारातून काढलेला टेन्शनर फुकट मिळाला तरी नको.

काम सुरू करण्याआधी गेज लावून ऑइल प्रेशर मोजा. ते कमी असेल तर नवा टेन्शनरही वाजणार. स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला तर क्रँक-कॅमचा मेळ बिघडलाय; चेन लांबली असण्याची शक्यता मोठी. टायमिंग लॉक करायच्या पिना नसलेल्या गॅरेजला हे काम देऊच नका, व्हाइटनरच्या खुणांवर हे इंजिन बांधायचं नसतं. क्रँकच्या बोल्टला पान्हा लावण्याआधी आटे सरळ की उलटे ते मॅन्युअलमध्ये बघा, फियाटच्या डिझेलवर उलटे आटेही भेटतात.

चेंबर खाली आहे तोवर ऑइलची जाळी धुवा. कव्हरला सिलिकॉन बेताचंच लावा. आत ओघळलेला तुकडा सुटून त्याच जाळीत जाऊन बसतो. टेन्शनर बसवून झाला की दाबून ठेवलेल्या प्लंजरची पिन काढायची. घाईत ही पिन राहते आणि मग दोष पार्टला दिला जातो. टायमिंगचं लॉक काढून क्रँक हातानं दोन फेरे फिरवा, टायमिंगच्या पिना परत सहज जायला हव्यात. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा आणि त्यानंतरच स्टार्ट करा. पहिल्या स्टार्टला थोडी खडखड चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही आली तर चालणार नाही.

या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन लिटर. अर्धा लिटर कमी झालं तरी फरक पडतो, म्हणून पेट्रोल पंपावर डिपस्टिक बघायची सवय ठेवा. आणि बिलावर मेक व पार्ट नंबर लिहून घ्या. वॉरंटी मिळाली तरी ती सहसा पार्टचीच असते, मजुरी किंवा तुटलेले रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कोणी भरून देत नाही.