कॉम्प्युटर बंद, मग ॲप मोबाईलवर कशाला?

बंद पडलेल्या कॉम्प्युटरसाठी कंपनीचा हेल्पलाइन नंबर गूगलवर शोधायला निघाला असाल तर जरा थांबा. माझ्या मामांचे यापायी ४८ हजार गेले.

मामा साताऱ्याला असतात. उन्हाळाभर मुलीकडे होते, घरचा मेन स्विच बंद. परत येऊन जुना डेस्कटॉप लावला तर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एकच ओळ, बूट डिव्हाइस, म्हणजे जिथून विंडोज सुरू होतं ती डिस्क, नीट निवडा म्हणणारी. विंडोज काही येईना. मामांनी मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून पुढे 'कस्टमर केअर' लिहिलं आणि सगळ्यात वरचा नंबर फिरवला. वर असतात त्या बहुतेक जाहिराती, आणि पैसे मोजले की त्या भामट्यालाही लावता येतात.

पलीकडचा भलताच अदबीचा. "सर, आप बिल्कुल टेन्शन मत लीजिए." हार्ड डिस्कमध्ये व्हायरस शिरलाय, आज काढला नाही तर सगळे फोटो जातील म्हणे. मशीन न बघता निदान! मग त्यानं मोबाईलवर एक ॲप टाकायला लावलं आणि त्यातला कोड विचारून घेतला. मेख इथेच आहे. जो कॉम्प्युटर सुरूच होत नाही, तो मोबाईलवरच्या ॲपनं कसा तपासणार? पण घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही.

त्या ॲपमुळे मामांची स्क्रीन त्याला जशीच्या तशी दिसत होती. नोंदणीचे १० रुपये भरायला लिंक आली, तिथे मामांनी डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे टाकले. ओटीपी त्यांनी तोंडानं कुणालाच सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती, मेसेज आला तसा त्यानं वाचला. अशी ॲप बनावट नसतात, ऑफिसांत रोज वापरतात. पण एनीडेस्क या अशाच एका ॲपचा असा वापर होतोय म्हणून रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.

मामांचा फोन आल्या आल्या मी त्यांना कार्ड ब्लॉक करायला लावलं, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार आपल्या हातून माहिती गेली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे आधी बँक, रडारड नंतर. पैसे ज्या खात्यात गेले तिथे थोडी रक्कम अडकवून ठेवलीय, ती कधी सुटेल देव जाणे.

आणि बिघाड काय होता? गल्लीतल्या रिपेअरवाल्यानं बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं सेटिंग, उघडलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर, नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना तारीख आणि सेटिंग तोच जपतो. मशीनला वीज मिळते तोवर त्याच्यावर भार पडत नाही. मेन बंद राहिल्यावर जुना सेल पार उतरला, सेटिंग पुसलं गेलं आणि मशीनला डिस्क सापडेना. सेल बदलला, बूटचं सेटिंग लावलं, विंडोज आलं. फोटो जागच्या जागी, व्हायरस-बियरस काही नाही.

आता मामांना वेगळेच फोन येतात: सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मंजूर झालेत, फक्त ते ॲप परत टाका.