एका झोनवर पाच खिडक्या, की प्रत्येक खिडकीला स्वतंत्र वायर?

घरात चोरीसाठीचा वायरवाला अलार्म बसवायचा हे ठरलं, सगळ्या वायरी जिथे येतात तो पॅनलचा डबाही ठरला, की एक प्रश्न भिंतींना हात लावण्याआधीच सोडवावा लागतो. दार-खिडक्यांचे मॅग्नेटिक सेन्सर (पल्ला उघडून चुंबक लांब गेला की सर्किट तोडणारे) एकामागोमाग सिरीजमध्ये जोडून एका झोनवर, म्हणजे पॅनलच्या एकाच जोडणीवर घ्यायचे, की प्रत्येक सेन्सरपासून थेट पॅनलपर्यंत वेगळी वायर ओढायची? मी दोन्ही प्रकार राहून पाहिले आहेत. आधीच्या घरात सिरीज होती, आताच्या घरात प्रत्येक चौकटीला स्वतःची वायर आहे.

सिरीजच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. वायर बरीच कमी लागते, पाइपमध्ये गर्दी होत नाही आणि आठ झोनच्या साध्या पॅनलमध्ये अख्खं घर बसतं. पॅनलला वायर शाबूत असल्याची खूण म्हणून ठरावीक रोध दाखवणारा छोटा भाग, म्हणजे रेझिस्टर, साखळीतल्या शेवटच्या सेन्सरपाशी बसवला असेल, तर देखरेखही चोख होते; वायर मध्येच तुटली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तरी पॅनलला कळतं. फिटिंग करणारे पुष्कळदा हा रेझिस्टर पॅनलच्या डब्यातच टर्मिनलला लावून मोकळे होतात. तसं झालं की भिंतीतली वायर शॉर्ट झाल्यावरही झोन बंदच, म्हणजे सगळं ठीक असल्यासारखा, दिसत राहतो आणि खिडकी सताड उघडली तरी सायरन वाजत नाही. तुम्ही कोणताही प्रकार निवडा, रेझिस्टर सेन्सरच्या टोकाला बसवणं एवढं मात्र स्वतः उभं राहून करून घ्या.

माझा निर्णय झाला तो एका कटकटीमुळे. रात्री सगळी निजानीज झाल्यावर अलार्म पहाऱ्यावर लावायला, म्हणजे आर्म करायला जावं, तर कीपॅडवर ‘झोन ३ ओपन’. झोन ३ म्हणजे मागच्या अंगाच्या पाच खिडक्या. टॉर्च घेऊन एकेक खिडकी दाबून पाहायची, परत कीपॅडपाशी यायचं. कधी आपोआप बंद दाखवायचा, कधी नाही. एकदा तर पहाटे सायरन वाजला आणि सगळं घर दचकून उठलं. आधी वाटलं लाकूड फुगलंय, म्हणून मॅग्नेट सरकवून सेन्सरच्या जवळ आणला. मग एक सेन्सरच बदलला. चार दिवस शांततेत जायचे आणि पुन्हा तेच.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी झोनची वायर पॅनलमधून सोडवली, मल्टिमीटर लावला आणि घरातल्या एकाला मीटरपाशी बसवून मी एकेक चौकट तपासत गेलो. मीटरवर रेझिस्टरचा आकडा, ५.६ किलोओहम, स्थिर होता. तिसऱ्या खिडकीमागची वायर बोटाने जराशी ओढली आणि मीटरपाशून आवाज आला, “गेला!” आत दोन तारांना जेमतेम दोन पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड निघाला. टेपचा गोंद सुटून चिकट झाला होता, तांबं हिरवट काळं पडलं होतं. तो जोड डाग देऊन (सोल्डर करून) पक्का केल्यावर त्रास थांबला. पण तोवर कितीतरी रात्री झोन ३ बायपास करून, म्हणजे पहाऱ्यातून वगळून झोपलो होतो. एका जोडाच्या दोषापायी पाचही खिडक्या उघड्यावर, ही गोष्ट मला अजून टोचते.

आताच्या घरात तसाच प्रसंग एकदा आला. कीपॅडवर सरळ न्हाणीघराच्या खिडकीचं नाव आलं. गेलो, तर मॅग्नेटची चिकटपट्टी सुटून तो खाली पडला होता. पाच मिनिटांत काम झालं. हवेसाठी रात्री एखादी खिडकी उघडी ठेवायची असेल, तर तेवढीच बायपास होते. वायरमध्येच शंका असेल, तर शिडीची गरज पडत नाही. पॅनलपाशी ती सोडवून मीटर लावायचा. रेझिस्टरचा आकडा आला तर ठीक, शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट, काहीच आलं नाही तर खिडकी उघडी किंवा वायर तुटलेली.

त्रास यातही आहेच. पॅनलच्या डब्यात मनगटाएवढा जुडगा येतो, झोन वाढवायला जादा मॉड्यूल लागतं आणि लाइट गेल्यावर त्याचाही भार त्याच १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर पडतो. वायर ओढण्याआधी दोन्ही टोकांना खुणा केल्या नाहीत, तर पुढचा सगळा दिवस कोणती वायर कुठली हे शोधण्यात जातो.

मधला मार्ग म्हणून वायरी वेगवेगळ्या आणून पॅनलपाशी सिरीज करणारेही आहेत. दोष शोधायला ते बरं पडतं. फक्त रेझिस्टर एकाच वायरीच्या टोकाला राहतो, त्यामुळे बाकीच्यांपैकी एखादी शॉर्ट झाली तर ती खिडकी गुपचूप पहाऱ्याबाहेर जाते. या एका बाबतीत नीट केलेली जुनी साखळी सरस आहे. तरी झोन आज कमी असतील तर असं करून ठेवायला माझी हरकत नाही, कारण उद्या मॉड्यूल घेतलं की वायरी सुट्या करता येतात. भिंतीत पुरलेली साखळी सुटी करता येत नाही.

घर आधीच रंगवून झालं असेल आणि भिंती फोडणं शक्य नसेल, तर सिरीज करणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. एकाच खिडकीचे दोन पल्ले तर मीही सिरीजमध्येच घेतलेत. त्यातला कोणता उघडा आहे ते दिसतंच. पण साखळी करायचीच असेल, तर प्रत्येक जोड डाग देऊन, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून, हात पोचेल अशा डबीत ठेवा. दोन-तीन खिडक्यांपुढे एक झोन ताणू नका.

आणि प्लास्टर अजून व्हायचं असेल, तर प्रत्येक चौकटीपाशी स्वतंत्र वायर आणून ठेवा, दोन तारा पुरणार असल्या तरी चार तारांची. टोक हातभर जास्त सोडा आणि भिंत बंद होण्याआधी वायर कुठून गेली आहे त्याचे फोटो काढा.