कोलंबोतील भाषा-फेरी : सिंहलीला न्याय, तमिळची घाई

कोलंबोच्या पेटा या जुन्या बाजारात एक स्थानिक संस्था श्रीलंकेतील भाषांची ओळख करून देणारी तीन तासांची पायी फेरी काढते. आम्ही चौघांनी ती नुकतीच केली. विषय ऐकायला पुस्तकी वाटतो, परंतु वाटाड्या प्रत्येक गोष्ट दुकानाच्या पाटीवरून किंवा विकायला ठेवलेल्या वस्तूवरून समजावत असल्यामुळे कंटाळा असा आला नाही. सुरुवातच बाजाराच्या नावापासून झाली. सिंहलीत ‘पिटकोटुव’ आणि तमिळमध्ये ‘पुरक्कोट्टै’, दोहोंचा अर्थ कोटाबाहेरची वस्ती. इंग्रजांच्या तोंडचे ‘पेटा’ मात्र तमिळ ‘पेट्टै’वरून आलेले, म्हणजे आपली पेठच. ‘कोट’ आणि ‘पेठ’ हे दोन्ही शब्द परक्या पाटीवर भेटल्याचा आनंद मराठी माणसालाच कळेल.

पुढे प्लास्टिकच्या भांड्यांच्या दुकानात वाटाड्याने एक निळी बादली उचलून दुकानदाराला नाव विचारले. उत्तर आले, ‘बाल्दिय’. साबणाला ‘सबन्’ आणि पावाला ‘पान्’. पोर्तुगीजांनी हे शब्द आपल्या किनाऱ्यावर जसे ठेवले तसेच तिथेही ठेवले. मग त्याने आमच्याकडून अंक म्हणून घेतले : एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. सिंहली ही मराठीसारखीच आर्य कुळातली भाषा असून तिच्यात पुष्कळ ठिकाणी ‘स’चा ‘ह’ झाला आहे, हे ‘सात’ आणि ‘हत’ शेजारी ठेवल्यावर वेगळे सांगावे लागले नाही. ‘ळ’ लिहिण्यात उरला आहे, बोलण्यात त्याचा ‘ल’ होतो, हे ऐकून मात्र मला हळहळ वाटली.

तक्रार आहे ती तमिळच्या वाटणीबद्दल. दोन तासांहून अधिक वेळ सिंहलीवर गेला आणि सी स्ट्रीट या तमिळ वस्तीच्या रस्त्यावरील सराफी दुकाने व कदिरेसन कोविल हे देऊळ यांच्यासाठी जेमतेम वीस मिनिटे उरली. लाल मशिदीजवळ आपसात तमिळ आणि गिऱ्हाइकाशी सिंहली बोलणारे मुस्लिम व्यापारी आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले, तरी तेथील बहुतेक मुसलमानांची मातृभाषा तमिळ आहे, याविषयी वाटाड्या अवाक्षर बोलला नाही. ज्या देशात 1956 च्या कायद्याने एकट्या सिंहलीला राजभाषा केले, त्यावरून समाज दुभंगत गेला आणि तमिळला राजभाषेचे स्थान मिळण्यासाठी 1987 ची घटनादुरुस्ती यावी लागली, त्या देशात भाषांवर बेतलेल्या फेरीने तमिळला घाईत उरकणे मला गंभीर उणीव वाटते. मलय समाजाची भाषा आणि पूर्व किनाऱ्यावरील बट्टिकलोआच्या बर्गर, म्हणजे युरोपीय वंशाच्या, कुटुंबांतील पोर्तुगीज क्रिओल ही मिश्र भाषा यांचा तर उल्लेखही झाला नाही.

तरीही ही फेरी जरूर करावी. नोंदणी करतानाच तमिळभाषक वाटाड्या मिळेल का, असे विचारावे आणि सी स्ट्रीट आधी घ्यायला सांगावे, म्हणजे सकाळी दुकाने उघडताना तिथले बोलणे निवांतपणे कानावर पडेल.